एका वेळी एकच रेकॉर्ड वाजते, मग घरात तीन-तीन टर्नटेबलं कशाला?

ठाणेकर_नवखा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. गेल्या महिन्यात आजीचं मिरजेचं घर आवरताना माळ्यावर एक लाकडी पेटी सापडली, त्यात साठेक ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड्स, बहुतेक नाट्यपदं, थोडी भजनं आणि भावगीतं, आणि वर तीसेक एलपी (३३ फेऱ्यांच्या मोठ्या रेकॉर्ड्स). आजोबांचा फोनो कधीच मोडीत गेलेला. मी हौसेनं ऑनलाइन एक सूटकेससारखा बंद होणारा प्लेअर मागवला, त्याच्यावर ३३, ४५, ७८ असे तिन्ही स्पीड लिहिलेत, म्हटलं झालं काम. एलपी बऱ्या वाजतात. पण ७८ लावली की गाणारा कुठेतरी लांब विहिरीत आणि पुढ्यात नुसती चरचर, दोन रेकॉर्ड्सवर तर सुई पुढेच सरकत नाही, एकाच ओळीवर अडकून बसते.

दादरला आईच्या ओळखीतले एक काका आहेत, आयुष्यभर रेकॉर्ड्स जमवल्यात त्यांनी. त्यांना विचारावं म्हणून गेलो तर हॉलमध्ये तीन टर्नटेबलं मांडलेली, चौथं कपाटात. काका इतक्या प्रेमानं एकेक लावून ऐकवत होते की मधेच थांबवून "एवढी कशाला" असं विचारणं बरं वाटेना. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे. रेकॉर्ड तर एका वेळी एकच ऐकतो ना आपण? मग खरंच गरज असते की हौस वाढत जाते तशी यंत्रं वाढत जातात? मलाही दुसरं घ्यावं लागणार का, लागलं तर का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

तबकडी७८

ठाणेकर, आधी एक करा, त्या प्लेअरवर ७८ वाजवणं आजपासून बंद. तुमची चूक नाही, स्पीडचं बटण दिलं की माणसाला वाटणारच चालतंय म्हणून. पण स्पीड ७८ चा झाला म्हणून सुई ७८ ची होत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ७५ मायक्रॉनच्या आसपास टोक असलेली गोल सुई लागते. १९४८ मध्ये कोलंबियानं एलपी बाजारात आणली ती मायक्रोग्रूव्ह, तिची खाच इतकी बारीक की १ मिलची सुई लागायला लागली, आणि पुढे स्टिरिओ आल्यावर ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रॉन. आता ही १८ वाली सुई ७८ च्या खाचेत टाकली की ती दोन्ही भिंतींना नीट टेकतच नाही, थेट तळाला जाऊन बसते. गाणं असतं भिंतींवर. तळाला असते सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ आणि जुन्या पोलादी सुयांनी खरवडलेला भुगा. तुम्ही ऐकताय तो भुगा आहे, गाणं लांबून विहिरीतून येतंय ते म्हणून.

अजून एक बघा. पेटीतली एखादी ७८ काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. चांगली असेल तर काळी कुळकुळीत चमकते, वापरलेली असेल तर मधेच राखाडी पट्टे दिसतात, आणि ते पट्टे कुठे असतात तर जिथे गायकानं जोरात तान घेतलीय नेमकं तिथे. लाखेच्या त्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची, पोलादी सुई त्याच्यावर घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून, आणि म्हणूनच प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असा नियम होता. घरोघरी काटकसर म्हणून एकाच सुईवर दहा-दहा बाजू वाजवल्या जायच्या, त्याचे व्रण आहेत ते.

आता माझं सांगतो. माझ्याकडे तीन आहेत आणि तिन्ही रोजच्या वापरात आहेत. एक फक्त ७८ साठी, जाड सुई, काटा, म्हणजे सुईचा दांडा, ५ ग्रॅम भारावर बसवलेला. दुसरं बेल्ट ड्राइव्ह, एलपी आणि ईपीसाठी (४५ च्या छोट्या रेकॉर्ड्स), काटा २ ग्रॅम. तिसरा चावीचा भोंगेवाला, त्याचा साउंडबॉक्सच (सुई आणि पडदा असलेली डबी) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो म्हणून त्याच्यावर फक्त ज्या रेकॉर्डची दुसरी प्रत घरात आहे तेवढ्याच वाजवतो, पण बिनविजेचा बिनतारेचा तो आवाज खोलीत भरतो ना तेव्हा माझी नातवंडं खेळ सोडून येऊन बसतात.

आणि हे आपल्याकडे जास्त लागू होतं असं माझं मत आहे. इंग्लंडात ७८ छापणं थांबलं तरी आपल्याकडे बरीच वर्षं चालूच होतं, १९६० नंतर बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर निघाली! त्यामुळे मराठी घरातली पेटी उघडली की ७८, ईपी, एलपी सगळं एकावर एक रचलेलं सापडतं, तुमच्यासारखंच. तीन काळांचं सामान आहे ते, एका सुईनं भागत नाही.

ठाणेकर_नवखा

बापरे, दोन्ही बाजूंनी वाजवल्यात मी दहा-बारा 😟 आत्ताच उठून सगळ्या परत पेटीत ठेवल्या. एक विचारतो, मग सुईच बदलायची ना फक्त? टर्नटेबल तेच, ७८ ला जाड सुई, एलपीला बारीक. दुसरं अख्खं मशीन कशाला?

एडिसनकर

हा प्रश्न बरोबर आहे आणि माझं उत्तर आहे, हो, चालतं. मी सात-आठ वर्षं तसंच केलंय. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ म्हणून कार्ट्रिज (सुई बसते ती डबी) येते, तिची बॉडी एकच आणि पुढची सुई बोटानं काढून दुसरी बसवता येते, एलपीसाठी व्हीएम९५ई, ७८ साठी व्हीएम९५एसपी, ती ३ मिलचीच आहे. पण ई ला २ ग्रॅम भार लागतो आणि एसपीला ५ ग्रॅम. म्हणजे नुसती सुई बदलून होत नाही, प्रत्येक वेळी मागचं वजन फिरवायचं, छोटा वजनकाटा घेऊन भार मोजायचा, अँटीस्केट (सुईचा दांडा आत ओढला जाऊ नये म्हणूनची कळ) बघायचं. रविवारी सकाळी एक नाट्यपद ऐकलं, मग एलपीवर एखादा राग ऐकावासा वाटला, की पाच मिनिटं हेच. एकदा घाईत मी ५ ग्रॅमवरच एलपीची सुई ठेवली आणि कॅन्टिलीव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक दांडी, वाकली, नवी सुई गेली. त्यानंतर दुसरं टर्नटेबल घेतलं, आणि खरं सांगू का, तेव्हापासून ७८ जास्त ऐकल्या जातात. तयार असलं की माणूस ऐकतो, जोडाजोड करायची असली की उद्यावर ढकलतो.

फोनो प्रीअँपचं (सुईचा बारीक सिग्नल मोठा करणारा डबा) पण आहेच. आत्ताचे बहुतेक सगळे प्रीअँप आरआयएए कर्व्हनं (बास-ट्रेबल किती कमी-जास्त करायचं त्याचं ठरलेलं माप) चालतात, तो १९५४ च्या सुमारास सगळ्यांनी धरला, त्याच्या आधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीनं बास कमी-जास्त करून कापायची. म्हणून ७८ सरळ लावली की आवाज बऱ्याचदा दबलेला येतो आणि बास-ट्रेबल हातानं जुळवावं लागतं. स्टिरिओ कार्ट्रिज असेल तर अँपवर मोनो बटण दाबा, जुन्या तबकडीत सुई फक्त आडवी हलते, उभ्या हालचालीतून येणारी खरखर मोनोत बरीचशी कटते, एका बटणानं इतका फरक पडतो की दर वेळी नवल वाटतं.

आता माझी स्वतःची दोन का झाली त्याचं आणखी एक कारण, आणि हे परदेशातून सामान आणणाऱ्या सगळ्यांनी वाचावं. इथे अमेरिकेत एक जुनं बेल्ट ड्राइव्ह होतं, फार गोड वाजायचं, ते आईबाबांसाठी नाशिकला नेलं. ११० व्होल्टचं म्हणून ट्रान्सफॉर्मर पण घेतला, सगळं रीतसर. पहिलंच गाणं लावलं आणि गायिकेचा आवाज एकदम जाड, बाईचा बुवा झाला. मोटर एसी सिंक्रोनस, ती व्होल्टेजवर नाही तर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, अमेरिकेत ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०. म्हणजे ३३ चं टर्नटेबल २८ ला पण पोचत नव्हतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. त्याची ५० हर्ट्झची पुली शोधत दोन वर्षं गेली, शेवटी ते परत आणलं आणि नाशिकला क्वार्ट्झवालं डायरेक्ट ड्राइव्ह घेऊन दिलं, त्याला फ्रिक्वेन्सीचं काही देणंघेणं नसतं. बाबा रोज संध्याकाळी एक बाजू तरी लावतात.

सुरपेटी

मी पेटी (हार्मोनियम) वाजवते, शिकवते, म्हणून माझं कारण वेगळं आहे आणि ते अजून कोणी लिहिलं नाहीये. पट्टी, म्हणजे गायकाचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर आहे ते!

७८ म्हणतो आपण, पण जुन्या तबकड्या नेमक्या ७८ लाच कापलेल्या असायच्या असं नाही. विशेषतः १९२५ च्या आधी, इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग यायच्या अगोदर, जेव्हा गायक भोंग्यात तोंड घालून गायचे, तेव्हा ७० पासून ८० च्या वरपर्यंत काहीही असायचं. आता हिशोब बघा. स्पीड साधारण ६ टक्के बदलला की अख्खी एक पट्टी (सेमीटोन) सरकते, म्हणजे काळी एकची शेजारची पांढरी दोन होते. ७३.६ ला गायलेलं ७८ ला लावलं की गायकाची पट्टी एका पट्टीनं चढली, तानेचा वेग वाढला, आवाज पातळ झाला, आणि मग आपण म्हणतो जुने लोक काय तयारीचे गायचे, किती चढे गायचे. ते चढे गायचेच, पण नेमकं किती हे कळायला हवं ना! माझ्या विद्यार्थिनी त्या रेकॉर्ड्सवरून पदं बसवतात, चुकीच्या पट्टीत गळा ताणतात, मला ते बघवत नाही.

म्हणून ७८ साठी माझ्याकडे पिच कंट्रोलवालं वेगळं टर्नटेबल आहे, स्पीड थोडा मागेपुढे सरकवता येणारं. मी काय करते तर तबकडी लावून शेजारी पेटी घेऊन बसते. साथीला पेटी असेल तर तिचा षड्ज माझ्या पेटीच्या एखाद्या पट्टीवर येऊन नेमका बसेपर्यंत स्लायडर सरकवते. बसला की कानाला कळतंच, दोन सूर एकमेकांत विरघळतात, लाटा यायच्या थांबतात. मग विचार करायचा की हा गायक इतर रेकॉर्ड्समध्ये कोणत्या पट्टीत गातो, आणि शब्दोच्चार नैसर्गिक वाटतायत का. एका तीन मिनिटांच्या बाजूला कधी कधी अर्धा तास जातो माझा आणि तो अर्धा तास मला फार प्रिय आहे.

एलपीचं टर्नटेबल वडिलांचं, त्याला हे असलं काही करत नाही. त्याच्यावर स्ट्रोबची (रेघा आखलेली) चकती ठेवून ट्यूबलाइटखाली स्पीड तपासते फक्त, ५० हर्ट्झला ३३ साठी १८० रेघा असतात, रेघा स्थिर दिसल्या की झालं. पुढे सरकताना दिसल्या तर प्लॅटर जोरात फिरतोय, मागे तर हळू. आता घरात एलईडी ट्यूब असेल तर हे नीट दिसेलच असं नाही, मी जुनी चोकवाली एक ट्यूब मुद्दाम ठेवलीय.

जाता जाता एक. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली तिच्यात आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहां हो". ती तबकडी १६⅔ च्या स्पीडची आहे, आणि पाठवणाऱ्यांनी तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुई पण दिलीय, ती कशी लावायची त्याची चित्रंसुद्धा वर कोरलीत. कोणाला कधी सापडलीच तर योग्य सुईनं, योग्य वेगानं ऐकू यावी म्हणून. मला हे आठवलं की दर वेळी भरून येतं.

रात्रपाळी

माझी दोन्ही टर्नटेबलं एकसारखी आहेत, टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, कारण मी पार्टीत वाजवायचो. तिथे दोन लागतातच, एकावर गाणं चालू असताना दुसऱ्यावर पुढचं हेडफोनवर ऐकून ठोका जुळवून तयार ठेवायचं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १९७३ मध्ये कूल हर्कनं तर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून मधला ड्रमचा तुकडा लांबवत नेला, हिप-हॉप तिथून सुरू झालं असं धरतात. रेडिओवाल्यांकडे तर त्याच्याही आधीपासून जोडी असायची, ७८ ची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते, निवेदक दोन वाक्यं बोलेपर्यंत दुसरी सुईखाली तयार पाहिजे. पण ठाणेकर, हे एमके२ तुम्ही घेऊ नका, त्याला ३३ आणि ४५ च आहे, ७८ नाही. तुमच्या पेटीला उपयोग नाही.

गिरगाव_चाळ

सगळ्यांनी तांत्रिक लिहिलंय, माझ्याकडे तसं कारण नाहीये पण लिहिते. माझ्याकडे आईचा एचएमव्ही फिएस्टा आहे, झाकणातच स्पीकर असलेला. चांगलं मोठं टर्नटेबल घेऊन पाच वर्षं झाली, तरी फिएस्टा तिथेच आहे, खिडकीखाली. आई गेली तेव्हा भावानं विचारलं, देऊन टाकू का, वाजतो तरी का धड. मी बेल्ट-बिल्ट बघणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेऊन तो दुरुस्त करून आणला. काटा उचलून रेकॉर्डवर ठेवताना जो टक् असा आवाज येतो आणि मग अर्धा सेकंद नुसती हवा, त्यानंतर गाणं, ते तसंच्या तसं आहे. दिवाळीच्या पहाटे पहिली रेकॉर्ड त्याच्यावरच लागते. चांगल्या रेकॉर्ड्स मात्र मी त्याच्यावर लावत नाही, भार फार टाकतो तो. आईच्याच चार-पाच ईपी आहेत, त्या त्याच्या.

तबकडी७८

गिरगाव ताई, फिएस्टाची सुई बहुतेक पलटणारी असेल, एक बाजू एलपी, एक बाजू ७८. खालची छोटी कळ कुठे वळलीय ते लावण्याआधी बघत जा, चुकून ७८ ची बाजू ईपीवर उतरली तर एका फेरीत खराब होईल.

ठाणेकर, धुण्याचं सांगायचं राहिलं, ते महत्त्वाचं. ७८ ला स्पिरिट, अल्कोहोल, बाजारात मिळणारं एलपीचं अल्कोहोलवालं क्लीनर, काहीही लावू नका. सुतार लाकडाला जे लाखेचं पॉलिश मारतात ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच करतात, तुमची तबकडीही लाखेचीच आहे, खाचाच विरघळतील. डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचा, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, लगेच मऊ कापडानं टिपून उभी सुकवायची. आणि पेटीत आडव्या रचल्या असतील तर उभ्या करा, खालच्या दबून तडकतात.

घ्यायचंच झालं तर माझा सल्ला, आत्ता एकच घ्या पण ७८, पिच कंट्रोल आणि काढता येणारं हेडशेल (काट्याच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) असलेलं. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स आहे तसं, त्याच्यावर एडिसनकर म्हणतात ती व्हीएम९५ई लागूनच येते, वर एक एसपी सुई घेतली की दोन्ही भागतं. वर्षभर वापरा. सुई बदलायचा कंटाळा यायला लागला, आणि ७८ ऐकायची ओढ कमी न होता वाढतच असली, तरच दुसरं. काकांची तीन एका दिवसात झाली नसतील.

ठाणेकर_नवखा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सविस्तर लिहील असं वाटलं नव्हतं. काल पुन्हा दादरला गेलो, पाच तबकड्या टॉवेलमध्ये गुंडाळून. या वेळी काकांना सरळ विचारलं. ते काही बोललेच नाहीत, माझी एक तबकडी आधी एलपीच्या टर्नटेबलवर हलकेच दहा सेकंद लावली, म्हणाले पुन्हा कधी करू नकोस, आणि मग उचलून डावीकडच्या ७८ वाल्यावर ठेवली. तोच भाग. एवढा वेळ जी चरचर होती ती मागे गेली, आणि आधी गायकाचा श्वास ऐकू आला, पद सुरू करायच्या आधी घेतलेला. मागे सारंगी आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईला फोन लावून ऐकवलं, ती पलीकडून म्हणायला लागली सोबत, तिला पूर्ण पाठ होतं.

सुरपेटी ताई, काकांकडे पेटी आहे म्हणून तुम्ही सांगितलं तसं केलं. नेमकं ७८ ला लावलं तर रेकॉर्डमधल्या पेटीचा सा काळी एक आणि पांढरी दोनच्या बरोबर मधे पडतोय, कुठेच बसत नाही. लेबल पुसट झालंय, साल कळत नाही. आता कुठे सरकवायचं, वर की खाली?

सुरपेटी

अगदी मधे पडतोय म्हणजे जवळपास ३ टक्क्यांचा फरक. खाली आणलंत तर ७५.८ च्या आसपास काळी एकवर बसेल, वर नेलंत तर ८०.३ ला पांढरी दोनवर. दोन्ही लावून बघा, पेटी बंद करून, डोळे मिटून, आणि फक्त शब्द ऐका, विशेषतः जोडाक्षरं आणि श्वास. एकात माणूस घाईनं बोलल्यासारखा वाटेल, दुसऱ्यात नाही. त्या काळची पेटी आजच्या पेटीशी तंतोतंत जुळेलच असं पण नाही, तेव्हा अगदी केसाएवढं धरून बसू नका. त्याच गायकाची दुसरी तबकडी असेल तुमच्या लाकडी पेटीत तर ती पण लावा आणि तिची पट्टी काय येते ते इथे कळवा, मी वाट बघते.